आत्याची कार्डं आणि कंपनीचा लॅपटॉप

११ एप्रिल २००५, सोमवार. बडोदे.

सकाळी सहाला उतरले. खालचा बर्थ मिळूनही पाय पसरता आले नाहीत, कारण पायांच्या जागी लॅपटॉप. साखळीचं एक टोक बर्थखालच्या कडीला, दुसरं पिशवीच्या बंदाला, आणि बंद माझ्या मनगटाला. समोरच्या बाईंनी विचारलं, पिशवीत काय आहे. चिवडा, म्हटलं. चिवड्याला साखळी कशाला हे त्यांनी विचारलं नाही, पण सुरतेपर्यंत माझ्याकडे बघत होत्या.

जानेवारीपासूनची ही पाचवी खेप. मान आखडली आहे. पुण्यात मुलीची दहावी झाली, निकालाची वाट बघणं चालू, आणि तिची आई, म्हणजे मी, इथे मकरपुऱ्याच्या कारखान्यात नटबोल्ट मोजतेय.

घडियाळी पोळ ही अरुंद गल्ली, रिक्षा आत येत नाही. कोपऱ्यापासून चालत. खाली दोऱ्या-बटणांचं दुकान, वर आत्याच्या दोन खोल्या. दार उघडून क्षणभर नुसती बघत राहिली. मग, "ये. जमलीस का गाडीत काही?" अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली, जेवणाला अजून जमणंच म्हणते. चहात साखर नाही हे बरोबर लक्षात होतं. बरं वाटलं.

१२ एप्रिल

कारखान्यात स्टोअरचा माल संगणकावर चढवायचं काम. ३१ मार्चला त्यांनी सगळा माल हाताने मोजला, त्या याद्या मी भरतेय. बावीस रजिस्टरं. सोळा झाली. सगळं माझ्या एकटीच्या लॅपटॉपवर, कारण त्यांचं मशीन अजून आलंच नाही. येईल येईल चालू आहे.

दुपारी साहेबांचा पुण्याहून फोन. महिनाअखेर चालू झालं पाहिजे. झालं नाही तर काय, ते बोलले नाहीत. मागच्या वर्षी आमच्यातले चारजण "कमी" झाले. चाळिशीपुढच्यांत मी एकटीच उरले आहे, तेव्हा बोलायची गरजच नाही.

घरी आल्यावर आत्याला कंपनीचं सूचनापत्र वाचून दाखवलं. तिनेच विचारलं, हे एवढं जपायचं कशाला. फेब्रुवारीत आमच्या एकाचा लॅपटॉप हॉटेलच्या खोलीतून गेला, तेव्हापासून हा कागद प्रत्येकाच्या पिशवीत असतो. म्हणूनच तर मी हॉटेल सोडून तिच्याकडे उतरते. कंपनीचं नाव असलेली बॅग वापरू नये. प्रवासात साखळी लावावी. खोलीत एकटा सोडू नये. पासवर्ड लिहून ठेवू नये. बॅकअपची सीडी वेगळ्या बॅगेत ठेवावी. (माझी त्याच पिशवीत आहे. दोन पिशव्या सांभाळायला तिसरा हात कुठून आणू.) कुठे ठेवला आहे हे कोणालाही सांगू नये.

आत्या कान देऊन ऐकत होती. चाळीस वर्षं लायब्ररीत सूचीकार म्हणून काढली, नियम ऐकला की तिची पाठ ताठ होते. शेवटचा नियम दोनदा वाचायला लावला. मग लॅपटॉपच्या झाकणावरून हात फिरवत म्हणाली, "दादाच्या टाइपरायटरसारखंच की. त्याचीही पेटी अशीच काळी."

दादा म्हणजे माझे बाबा. हिशेबतपासणीला गावोगाव जायचे, टाइपरायटर घेऊन. जाऊन अकरा वर्षं झाली. मी विषय बदलला.

१३ एप्रिल

सतरावं रजिस्टर. बेअरिंगांची सहा प्रकारची नावं, एकच बेअरिंग. डोळे चुरचुरतात. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

गंमत लिहायची राहिली. आत्याने निवृत्तीनंतर घराचीच सूची केली आहे. लायब्ररीने टाकून दिलेलं खणांचं लाकडी कपाट तिने मागून आणलं होतं. त्यात कार्डं, अक्षरवार. "हिंग – फडताळ, वरून दुसरा कप्पा, डावीकडे." "सुई – ट्रंकेवरचा बिस्किटांचा डबा." मी हसत सुटले. ती नाही हसली. म्हणाली, वस्तू जागेवर असून उपयोग नाही, जागा सापडली पाहिजे.

रेवाबेन कामाला येतात. अकरा-बारा वर्षं येतात. आत्याला बा म्हणतात, मला बेन. सकाळी आठ ते बारा. कमी बोलतात, भराभर काम. आत्याने एकच गोष्ट तीनदा विचारली तरी तिन्ही वेळा पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर देतात. मला एवढा धीर नाही.

१४ एप्रिल, गुरुवार

गेला.

नीट लिहायचा प्रयत्न करते. आज कारखान्याला सुट्टी. सकाळी चष्मेवाल्याकडे गेले, साडेदहाला. लॅपटॉप पिशवीसकट आतल्या खोलीत, माझ्या गादीखाली. नियम ३ मोडला. पण हे हॉटेल नाही, घर आहे, असं वाटलं. बाहेरच्या खोलीत आत्या आणि रेवाबेन वर्षाच्या गव्हाला दिवेल चोळत बसल्या होत्या. सगळ्या घराला एरंडेलाचा वास. रेवाबेनचे हात कोपरापर्यंत तेलकट. म्हणाल्या, जाओ बेन, हुं छुं. मी आहे ना, अशा अर्थाने.

एक वाजता आले. रेवाबेन काम आटपून गेलेल्या. गहू कोठीत भरून झालेले, फरशी पुसलेली, आत्या वर्तमानपत्र वाचतेय. गादी उचलली. पिशवी नाही.

आत्याला विचारलं. "कसला लॅपटॉप?" म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून, "मी नाही हो हात लावला." पुन्हा विचारलं. रडवेली झाली. तेव्हा थांबले.

सतरा रजिस्टरं. सीडी. सगळं त्याच पिशवीत.

१५ एप्रिल

पूर्ण घर उलटंपालटं केलं. दोन खोल्या, किती वेळ लागतो. ट्रंका, पलंगाखाली, फडताळ, संडासाच्या वरचा माळा. गव्हाच्या कोठीतसुद्धा हात घातला, कोपरापर्यंत. गहू आणि कडुनिंबाचा पाला. बाही अजून चिकट आहे.

मग ते कार्डांचं कपाट. ल बघितला. क, कॉम्प्युटरसाठी. म, मशीन. प, पिशवी, पेटी. न, माझ्या नावाचा.

तिथे मी सापडले. "नीला – दादाची मुलगी. पुण्यात असते. नवरा अरुण. चहा बिनसाखरेचा."

कार्ड हातात घेऊन जमिनीवरच बसले. सोमवारी दार उघडून ती क्षणभर बघत राहिली होती, ते आठवलं. मी तिला आठवत नव्हते. मी आले, तिने आत जाऊन कार्ड पाहिलं, आणि मग बिनसाखरेचा चहा आणला. मला वाटलं होतं, काय स्मरणशक्ती आहे या वयात.

आणखी कार्डं चाळायचा धीर झाला नाही. खण लावून टाकला.

साहेबांना सांगितलं. ओरडले नाहीत, ते जास्त वाईट. पोलिसात तक्रार नोंदवून तिची प्रत उद्या संध्याकाळपर्यंत फॅक्स करा, म्हणाले. त्याशिवाय विमा नाही आणि "तुमच्या बाजूने मला काही बोलता येणार नाही." विचारलं, घरात कोण कोण येतं. मी म्हटलं, कामाच्या बाई. ते म्हणाले, मग झालं तर.

रेवाबेन आज आल्या तेव्हा घराची दशा बघून विचारलं, शुं थयुं. मी म्हटलं, काही नाही, आवराआवर. त्यांना सरळ विचारायचं माझ्याच्याने झालं नाही. विचारणं म्हणजे आरोप करणं, असं वाटलं. आता लिहिताना वाटतं, विचारलं असतं तर बरं.

१६ एप्रिल, शनिवार

आज जे केलं ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःशी खोटं बोलता येणार नाही.

चौकीत गेले. जमादार वयस्कर, सभ्य. घरात कोण येतं विचारलं. मी रेवाबेनचं नाव सांगितलं. आडनाव? माहीत नाही. पत्ता? छाणीकडे कुठेतरी. त्यांनी पेन खाली ठेवलं. बारा वर्षं घरात येते आणि तुम्हाला आडनाव माहीत नाही, बेन? पूर्ण नाव-पत्त्याशिवाय कागद होणार नाही.

घरी परत आले. आत्या झोपाळ्यावर, तिच्या हिंचक्यावर, डुलत होती. मी र चा खण उघडला. कार्ड मिळालं. आडनाव, गल्ली, बसथांब्यापासून कसं जायचं, सगळं आत्याच्या मोत्यासारख्या अक्षरात. खाली एक ओळ: "विश्वासू. तिला दुखवू नये."

मी वरच्या ओळी उतरवून घेतल्या.

तासाभरात प्रत मिळाली. फॅक्स केला. साहेबांचा फोन, गुड, म्हणाले. रात्रीचं जेवण गेलं नाही, असं काही झालं नाही. जेवले. आता झोपसुद्धा येतेय. त्याचीच आज जास्त लाज वाटते.

१७ एप्रिल, रविवार

रेवाबेन आठला आल्या नाहीत. एकला आल्या. चप्पल न काढता दारातच उभ्या.

सकाळी त्यांना शेजाऱ्यांदेखत चौकीत बोलावून नेलं. मारलं नाही, ओरडले नाहीत, नुसतं बाकावर बसवून ठेवलं चार तास आणि तेच तेच विचारलं. घरीही कोणीतरी येऊन भांडी खालीवर करून गेलं. हे सगळं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. आत आत्या ऐकेल म्हणून.

मी काहीतरी बोलले, कंपनीचा नियम, कागद लागतो वगैरे.

"बेन, मने पूछ्युं होत तो हुं शोधी आपत," म्हणाल्या. मला विचारलं असतं तर शोधून दिला असता, एवढंच. किल्ली कमरेच्या पिशवीतून काढून उंबऱ्यावर ठेवली. आमच्या घराची किल्ली. आतून आत्याने हाक मारली, रेवा, आली का गं. त्या जिना उतरून गेल्या.

१८ एप्रिल

आज कारखान्यात गेले नाही. सांगितलं, आजारी आहे. खोटं तरी कुठे.

आत्याने सकाळपासून सहा वेळा विचारलं, रेवा का नाही आली. पहिल्यांदा म्हटलं, येईल. मग म्हटलं, गावाला गेली. सहाव्यांदा मी खेकसले. ती गप्प झाली, आणि अर्ध्या तासाने सातव्यांदा विचारलं.

रेवाबेन नसल्या की हे घर कसं चालतं ते आता दिसतंय. चालत नाही. दूध ओट्यावर तसंच राहिलं, नासलं. शाक चिरायला घेतलं ते निम्मं चिरून हिंचक्यावर जाऊन बसली. गॅस सुरू, पेटवलेला नाही. मी घरात होते म्हणून बरं. आंघोळीचं पाणी, गोळ्या, कुठल्या वारी कुठलं लुगडं, सगळं त्या बाईच्या डोक्यात होतं. आत्या एकटी राहते, असं आम्ही सगळे वर्षानुवर्षं कौतुकाने सांगत होतो. ती एकटी राहत नव्हती.

अरुणला फोन केला. म्हणाला, पुण्याला घेऊन ये. मुलीची खोली आहे. बरोबरच आहे त्याचं. फोनचं बोलणं आत्याला ऐकू गेलं असावं. म्हणाली, "नीला, मला या घरातून हलवू नकोस. इथे मला सगळं सापडतं."



१९ एप्रिल

काही नाही. वरणभात. तिचे केस विंचरले. माझ्याकडे बघून दोनदा "रेवा" म्हणाली.

साहेबांचा फोन. पहिल्यापासून भरायला किती दिवस लागतील. वीस, म्हटलं. बारा, म्हणाले.

२० एप्रिल, बुधवार

सापडला.

सकाळी आत्याला चक्कर आली. नुसतीच, पडली नाही. डॉक्टरांचा नंबर हवा होता. फोनच्या वहीत नाही. कार्डांत असणार, म्हणून द चा खण ओढला. दवाखाना मिळालं. फोन केला. डॉक्टर म्हणाले, पडून राहू दे, लिंबूपाणी द्या, दुपारी येऊन बघतो.

कार्ड परत ठेवताना लागूनच पुढचं दिसलं. "दादा". बाबांचं. त्या नावाखाली सहा-सात कार्डं. काढून बघितली, बघावीशी वाटली म्हणून, शोधायला नव्हे. "दादा – चष्मा, ट्रंकेत." "दादा – पत्रं, लाल दोरी." बाकीची पिवळी पडलेली, एकच पांढरंफेक. कोपऱ्याला तेलाचं बोट.

"दादाची पेटी. गव्हात, मध्यावर. कुठे ठेवली हे कोणालाही सांगू नये असा नियम आहे."

मोठी परात घेतली आणि कोठी उपसायला लागले. गुडघ्यावर बसून, तांब्याने. निम्मी रिकामी झाल्यावर वर्तमानपत्र लागलं, त्याखाली प्लॅस्टिकची पिशवी, त्यात माझी पिशवी, साखळीसकट. रेवाबेन मध्येच दुधाला खाली गेल्या असतील, तेवढ्यात आत्याने ठेवलं असणार. वर येऊन त्यांनी राहिलेले गहू ओतले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने एवढं वाकून. माझ्यासाठी. बाबांसाठी. मला माहीत नाही कोणासाठी.

आत्या पडल्या पडल्या बघत होती. "मिळाली का पेटी?" म्हणाली. "मला वाटलंच, तू विसरणार."

मी हसले आणि मग रडले. भरपूर रडले. ती म्हणाली, रडतेस कशाला, जपून ठेवली होती.

मशीन सुरू होतं. एंटर दाबलं की चिकटतं, फटीत दोन दाणे अडकलेत, वास कधी जाईल असं वाटत नाही. सतराच्या सतरा रजिस्टरं आहेत. डॉक्टर येऊन गेले. पाणी कमी पडलं म्हणाले. आणि म्हणाले, रोजच्या बाई कुठे आहेत, त्यांना सगळं माहीत असतं.

२१ एप्रिल

चौकी. तोच जमादार. तक्रार मागे घ्यायची तर कुठे सापडला ते लिहून द्या. मी लिहिलं, मीच घरात ठेवला होता आणि विसरले. आत्याचं नाव कागदावर नको. त्यांनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग त्या बाईचं काय, म्हणाले. मी म्हटलं, मी जाते त्यांच्याकडे. जाच, म्हणाले.

साहेबांना फोनवर खरं ते सांगितलं. खूश. पुढच्या सूचनापत्रात एक नियम वाढवणार आहेत, लॅपटॉप घरातल्या वयस्कर माणसांच्या हाती देऊ नये. मी म्हटलं, तुम्ही सांगितलेले सगळे नियम पाळणारी माझी आत्या एकटीच निघाली. विनोद समजून हसले.

मोडले ते मी. एकटा सोडला, सीडी सोबत ठेवली. आणि ज्या नियमाला नंबरच नाही, र च्या कार्डावरचा, तो.

२२ एप्रिल, शुक्रवार

छाणीला गेले. आत्याला खालच्या दुकानदाराच्या बायकोवर सोपवून. बसथांब्यापासून आत्याने लिहिल्याप्रमाणे: वेल्डिंगचं दुकान, डावीकडे, पाण्याची टाकी, तिसरं दार. एक चूक नाही.

रेवाबेन दाराशी भांडी घासत होत्या. उठल्या नाहीत. बसा असंही नाही. शेजारच्या दोन दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या. मग मी मुद्दाम मोठ्याने बोलले, त्यांनाही ऐकू जाईल असं. लॅपटॉप घरातच होता, गव्हात, चूक माझी होती, मी तुमचं नाव द्यायला नको होतं, माफ करा. माझं गुजराती मोडकंतोडकं, पण एवढं आलं.

गव्हात म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. "मने थयुं ज हतुं," म्हणाल्या. त्यांना वाटलंच होतं, कोठीत नाही तरी कुठेतरी बाने ठेवलं असणार. वर्षभर हे चाललंय. बांगड्या पिठात सापडल्या, पेन्शनचं पुस्तक तांदळात. दर वेळी त्याच शोधून जागेवर ठेवायच्या आणि कोणाला बोलायच्या नाहीत.

मी विचारलं, मग चौकीत हे का नाही सांगितलं. चार तास का बसलात.

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला. "हुं बोली होत के बा भूली जाय छे, तो तमे बाने पूना लई जात."

बा विसरते असं त्या बोलल्या असत्या, तर आम्ही तिला पुण्याला नेलं असतं. मी नोकरी वाचवायला त्यांचं नाव दिलं. त्यांनी आत्याचं घर वाचवायला तोंड उघडलं नाही. हे नंतर बसमध्ये नीट कळलं, तिथे नुसतीच उभी होते.

निघताना विचारलं, याल का. भांड्यावर पाणी ओतत म्हणाल्या, "जोईश." बघेन.

किल्ली ठेवून आले. घेतली नाही, पण परतही दिली नाही. चौकटीवर राहिली.

२३ एप्रिल

अठरावं रजिस्टर. आत्या आजही दुकानदाराच्या बायकोजवळ. कारखान्यात सगळे नाक वर करून हुंगतात. शिपायाने विचारलं, बेन, कोणाचं पोट बिघडलंय का.

रेवाबेन आल्या नाहीत.

अरुणचा फोन. उद्याच्या दुपारच्या गाडीची दोन तिकिटं काढली आहेत. आत्याची खिडकीशी.

संध्याकाळी आत्याने विचारलं, रेवा का येत नाही. मग तिने स्वतःच म्हटलं, एक कार्ड लिहून ठेव, म्हणजे मी सारखं विचारणार नाही, तुला कंटाळा येतो ते मला दिसतं. किती साधेपणाने म्हणाली. र चं कार्ड काढलं. "विश्वासू. तिला दुखवू नये," च्या खाली एक ओळीची जागा होती. काय लिहायचं? गावाला गेली. आजारी आहे. लिहिता आलं असतं, आत्याला काय कळणार होतं. पण खोटं या कपाटात एकही कार्ड नाही.

लिहिलं: "सध्या येत नाही. चूक नीलाची."

२४ एप्रिल, रविवार

सहाला जाग आली. आत्या आधीच उठून कपाटाशी उभी, हातात कार्ड. चष्मा लावून दोनदा वाचलं. मला म्हणाली, "काय केलं गं नीलाने?"

मी सांगितलं. गाळलं काही नाही. चौकी, बाकडं, चार तास, शेजारी. ऐकताना तिचा चेहरा लाल झाला. लहानपणी एकदा मी तिचं पुस्तक फाडलं होतं, तेव्हा झाला होता तसा.

"येऊ दे नीलाला," म्हणाली. "मी बोलते तिच्याशी. तू काळजी करू नकोस, रेवा."

बरं बा, म्हटलं.

चहा टाकला. तिच्या चहात साखर, माझा बिनसाखरेचा. तिचे कपडे काढून पलंगावर ठेवलेत, बॅग अजून उघडलेली नाही. कार्डांचं कपाट गाडीत नेता येईल का, हेही विचारायचं राहिलं. गाडी दुपारी दोनची आहे. आता आठ वाजायला, रेवाबेनच्या वेळेला, दहा मिनिटं कमी आहेत.